सहा पोती बाकी, एक झाले

भोरमध्ये अजूनही काही लोक मला ‘कम्प्युटरबाई’ म्हणतात. पुण्यात शिकून, तिथंच तीन वर्षं नोकरी करून लग्नानंतर मी भोरला आले, तेव्हा तालुक्यातले कम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजता येत होते. सासूबाईंना शेजारणीनं विचारलं, “सून काय करते?” त्यांनी सांगितलं, “मशीनला समजावते.” पुढच्या वीस वर्षांत माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन कुणी केलेलं मला आठवत नाही. मशीनला समजावता समजावता माणसाला विचारायचं राहून जातं, एवढंच काय ते त्यात नव्हतं. ते मला एका भात गिरणीत कळलं.

माझं काम म्हणजे प्रोग्राम लिहून देण्याचं. दोन हजार सालानंतरची पहिली सात-आठ वर्षं भोर आणि वेल्ह्यात मी दवाखाने, पतसंस्था, शाळा, गिरण्या अशा सगळ्यांची कामं केली. माणसं आपापली माहिती डेटाबेसमध्ये ठेवायची. डेटाबेस म्हणजे मशीनच्या पोटातलं नोंदींचं कपाट. त्या कपाटातून हवी ती नोंद काढून पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम मी लिहायचे. दिसायला सोपं. त्रास व्हायचा तो गिऱ्हाइकांचा.

भाटघरच्या बाजूला एक गुरांचे डॉक्टर होते. त्यांना उपचारांच्या नोंदींचा प्रोग्राम हवा होता. मी मालकाचं नाव, गाव, जनावर अशा क्रमानं करून दिला. डॉक्टरांनी पाहिला आणि मान हलवली.

“हे उलटं झालं. आधी म्हैस पाहिजे.”

“डॉक्टर, मालकाच्या नावानं शोधणं सोपं पडतं.”

“मालक आजारी पडून माझ्याकडं येत नाही, बाई. मला फोन येतो तो ‘चंपी बसलीय, उठत नाही’ असा. मला चंपी माहीत, तिचं डावं शिंग माहीत. मालक कोण, ते मी तिथं गेल्यावर बघतो.”

तपासलं तर त्यांच्या हद्दीत अकरा चंप्या निघाल्या. शेवटी मी शिंगांच्या आकाराचा एक रकाना टाकला आणि प्रोग्राम सुरळीत चालू लागला. हा किस्सा मी पुढे किती तरी जणांना सांगितला. गिऱ्हाइकाला विचारून काम करते, अशी माझी मीच पाठ थोपटून घ्यायचे. गिरणीचं काम आलं तेव्हा ही अक्कल कुठं गेली होती, देव जाणे.

हायवेवरून वेल्ह्याचा रस्ता आत वळतो, त्या फाट्याच्या आसपास एका सोसायटीची भात गिरणी होती. आमच्याकडे भात भरडण्याची एक रीत आहे. प्रत्येक घराला आपल्याच खाचरातल्या भाताचा तांदूळ परत हवा असतो. शेजाऱ्याचा भले उजवा असेना का, तो नको. म्हणून पोती एकत्र ओतायची नाहीत, एकेका घराची वेगळी भरडायची. सुगीनंतर पाच-सहाशे पोती गोदामात थप्पीला लागायची आणि कुठलं कुणाचं हे सांभाळता सांभाळता गिरणीचे क्लार्क जगताप मेटाकुटीला यायचे. त्यांच्याकडे एक जाड वही होती. मी प्रोग्राम केला. पोतं आलं की नाव टाकायचं, मशीन नंबर देणार. नंबराचा बिल्ला पोत्याला, चिठ्ठी मालकाला. कितव्या थप्पीत कितव्या थरात, तेही आत. पुढे एक खूण: ‘बाकी’ किंवा ‘झाले’. भरडायचं राहिलंय, नाही तर भरडून झालंय.

महिनाभरात सगळं इतकं छान बसलं की मी जगतापांना म्हटलं, “आता वही बंद करा. दोनदा लिहायचं कशाला?” त्यांनी खळखळ केली, पण बंद केली. माझ्या कामातल्या चुकांची यादी केली तर हे वाक्य पहिल्या पानावर येईल.

दोन हंगाम नीट गेले. तिसऱ्या सुगीत एका गुरुवारी जुना कम्प्युटर बंद पडला. चेअरमन हौशी; त्यांनी पुण्याहून त्याच दिवशी नवा आणवला. नोंदींची प्रत मी रोज वेगळ्या डिस्कवर ठेवायला लावली होती, त्यामुळे माहिती सुखरूप होती. शुक्रवारी जाऊन प्रोग्राम चढवायचा, एवढंच राहिलं होतं. तोवर बुधवारी छापून ठेवलेल्या यादीवर गिरणी चालू होती. त्या यादीत कुठल्या नंबरामागून कुठला भरडायचा हे होतं. नावं नव्हती. नावं मशीन सांगणारच होतं, म्हणून मी कागद वाचवला होता.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला मी पोचले. हलरवर, म्हणजे भाताचं टरफल काढणाऱ्या यंत्रावर लतीफभाई नव्हते. ते गिरणीचे मुख्य मिस्त्री, तिथं तीस वर्षं काढलेले. शुक्रवारी ते दुपारच्या नमाजाला गावात जायचे आणि जेवूनच परत यायचे. त्यांचा जोडीदार हलर चालवत होता. अंगणात चाळीसेक माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. तीनला लाइट जाणार, हे सगळ्यांना पाठ होतं. त्या वर्षी आमच्याकडे भारनियमनावर घड्याळं लावून घ्यावीत अशी वेळ होती.

मी डिस्क लावतेय तोच विंझरच्या एक बाई धापा टाकत आत आल्या. साठीच्या असतील. नाव भामाबाई. फाट्यापासून त्या अक्षरशः पळत आल्या होत्या.

“गिरणी थांबवा,” त्यांनी जगतापांना सांगितलं. “माजं बी आलंय हितं.”

त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत. रविवारी घरी आला, आईला मदत म्हणून एकट्यानं टेम्पो भरला आणि गिरणीला सात पोती टाकून तसाच कामावर गेला. त्यात सहा खायच्या भाताची होती. सातवं कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं बियाण्याचं होतं. भामाबाई बहिणीकडे गेल्या होत्या, त्या आज परतल्या आणि कोपरा रिकामा बघून तशाच निघाल्या.

“कुटलं बियाणं, आजी?” कुणी तरी विचारलं.

“जुना आंबेमोहोर. लगीन झाल्यावर पयल्या पेरणीला आईनं दिल्याला. आता म्हायेरीबी कुनाकडं ऱ्हायला न्हाई. सगळ्यांनी दुकानातलं आनलं.”

भात एकदा हलरमधून गेलं की त्याचा तांदूळ होतो आणि तांदूळ उगवत नाही. हे तिथं कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांच्या आईचं बी ते एवढंच होतं आणि हलर चालू होता.

“चिठ्ठी द्या, नंबर बघतो,” जगताप म्हणाले.

“चिट्टी पोराकडं. मोबाईल त्याला कंपनीच्या गेटवर ठिवाया लागतो. सांच्यापातुर लागत न्हाई.”

जगतापांनी माझ्याकडे पाहिलं. वही असती तर त्यांनी दोन मिनिटांत नाव काढलं असतं. ते हे बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

“पंधरा मिनिटं द्या,” मी म्हणाले. “तोवर हलर थांबवा.”

थांबवायचा म्हणजे चाळीस जणांची पाळी पुढे ढकलायची, आणि तीनला लाइट गेली की उद्यावर. लोक कुरकुरले. एक जण म्हणाला, पानशेतवरनं आलोय. तेव्हा भिंतीला टेकून बसलेले उत्रोलीचे एक म्हातारे म्हणाले, “बी हाय त्ये. बंद करा.” हलर बंद झाला आणि एवढ्या गिरणीत एकदम इतकी शांतता पसरली की माझ्या कळफलकाचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रोग्राम माणसाला वाचता येईल असा लिहिलेला असतो. तो मशीनला कळेल अशा रूपात आणायचा, याला कंपाइल करणं म्हणतात. मशीन बदललं की हे पुन्हा करावं लागतं. शिवाय प्रोग्राम सगळं स्वतः करत नाही. डेटाबेसशी बोलायचं काम एका तयार संचाकडून करून घेतो. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. कंपाइल करताना शेवटच्या पायरीला मशीन ती लायब्ररी शोधतं आणि प्रोग्रामला जोडतं.

मी आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं. मराठीत सांगायचं तर असं: ‘अमुक ठिकाणची लायब्ररी विसंगत आहे, वगळतो आहे.’ आणि त्याखाली: ‘लायब्ररी सापडली नाही.’

या धंद्यात मला सगळ्यात जास्त चीड आणलेला निरोप हा. वस्तू आहे, तुला दिसतेय, तूच सांगतोस की वगळली, आणि वर सापडली नाही म्हणतोस.

घाईत माणूस करतो तेच मी केलं. वरची ओळ सोडली आणि खालच्या ओळीमागे लागले. फाईल आहे का? आहे. नाव बरोबर आहे का? आहे. पत्ता? बरोबर. पुन्हा आज्ञा, पुन्हा तेच उत्तर. लोक आता दारात जमले होते. भामाबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“काय म्हन्तंय त्ये?” उत्रोलीच्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

“सामान सापडत नाही म्हणतंय. पण सामान तर समोर आहे.”

“मंग दुसऱ्या मशीनचं आसंल. आपल्या हलरचंबी तसंच की. जुन्या हलरची जाळी भितीला लटाकलीय. दिसाया एक, पर नव्याला बसत न्हाई.”

वीस मिनिटं मी न वाचलेली पहिली ओळ या माणसानं न बघता वाचली होती.

जुना कम्प्युटर बत्तीस बिटी घडणीचा होता, नवा चौसष्ट बिटी. चौसष्ट बिटी म्हणजे आकड्यांचे दुप्पट मोठे तुकडे एका दमात हाताळणारा. प्रोग्राम आणि लायब्ररी दोन्ही एकाच घडणीची लागतात. ती लायब्ररी कुठल्या घडणीची आहे हे विचारायची एक छोटी आज्ञा असते. ती दिली. बत्तीस. आणि ती तिथं आणली कुणी? मीच. माझ्या पिशवीत नेहमी एक डिस्क असायची. कुठंही गेलं की आधी त्यातल्या माझ्या लायब्रऱ्या मशीनवर चढवायच्या. बाई सगळं सामान घेऊन येतात, असा माझा लौकिक होता.

प्रोग्राम बत्तीसचाच करून पाहिला. त्याला आणखी चार गोष्टी बत्तीसच्या हव्या होत्या, त्या नव्या मशीनवर नव्हत्या. मग एकच वाट उरली. मशीनबरोबर आलेल्या डिस्कांवर चौसष्टची लायब्ररी असणार.

“जगताप, मशीनसोबत डिस्का आल्या होत्या ना? चार-पाच?”

जगतापांचा चेहरा पडला. “आल्या होत्या की. पण सगळं आत घातलंय म्हणाला तो पोचवणारा.”

“मग कुठंयत?”

ते गोदामाकडे चालू लागले. मी मागे, माझ्यामागे भामाबाई, त्यांच्यामागे अर्धी गिरणी. गोदामाच्या झरोक्यांत दोऱ्याला बांधलेल्या पाच चकचकीत डिस्का गोल गोल फिरत होत्या.

“चिमण्या लई झाल्यात,” जगताप म्हणाले. “चकाकलं की येत नाहीत.”

शिडी आली. एकेक डिस्क खाली उतरली. लायब्ररी तिसऱ्या डिस्कवर होती आणि चिमण्या तिला बिलकुल घाबरल्या नव्हत्या, हे तिच्याकडे पाहताच कळत होतं. भामाबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, पदराचं टोक ओलं केलं आणि तांब्या पुसावा तशी हलक्या हातानं पुसली. मशीननं दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा घेतली. लायब्ररी चढली. मी माझी जुनी पुसून टाकली आणि पुन्हा आज्ञा दिली.

पडद्यावर काहीच आलं नाही. या कामात काहीच न येणं म्हणजे सगळं जुळलं. मी दारातल्या लोकांना तसं सांगितलं तर त्यांना ते पटलं नाही.

नाव टाकलं. विंझर, भामाबाईंच्या मुलाचं नाव. सात ओळी आल्या. मला आनंद झाला तो क्षणभरच, कारण सातपैकी सहा ओळींपुढे ‘बाकी’ होतं आणि एकीपुढे ‘झाले’.

“एक भरडलं गेलंय,” मी सांगितलं. “पण कुठलं ते यावरून कळत नाही. बियाणं या सहात असू शकेल.”

सातात एक. नशीब इतकं वाईट कशाला असेल, असं मी मनाशी म्हणत होते. जगतापांनी माणसं लावून सहा पोती थप्पीतून काढली. भामाबाई एकेका पोत्याचं तोंड सोडायच्या, मूठ आत घालायच्या, दाणे तळव्यावर पसरून फुंकर मारायच्या. पहिलं नाही. दुसरं नाही. चौथ्याला त्या थोडा वेळ थांबल्या, दाणा चावून पाहिला आणि नाही म्हणाल्या. सहावं पोतं त्यांनी सगळ्यात सावकाश उघडलं. त्यातही नव्हतं.

त्या तिथंच पोत्यांवर बसल्या. रडल्या नाहीत. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या, “तुमी लई केलं.” मला ते ऐकवेना. मी त्यांच्या शेजारी बसले. माझा प्रोग्राम जुळला होता, चालला होता, आणि त्यानं अचूक उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. अंगणातली माणसं एकमेकांकडे न बघता आपापल्या चपला शोधत होती. कुणी हलर चालू करा असं म्हणेना.

तेवढ्यात लतीफभाई आले. डोक्यावर अजून टोपी, तोंडात बडीशेप. अंगणात गर्दी आणि हलर बंद बघून त्यांना वाटलं पट्टा तुटला.

“पट्टा न्हाई,” जगताप म्हणाले. “विंझरच्या बाईंचं बी भरडलं.”

“कदी?”

“झाले म्हणून लागलंय की आत.”

“त्ये व्हय?” लतीफभाई म्हणाले. “त्ये म्याच लावलंय.”

आणि ते हलरच्या मागच्या खोलीकडे चालू लागले. तिथं त्यांचे तेलाचे डबे, पाने, जाळ्या असायच्या. फळीवर, जमिनीपासून वर, एक पोतं नीट आडवं ठेवलेलं होतं. बिल्ला तसाच. भामाबाईंनी तोंड सोडायचीही वाट पाहिली नाही. पोत्यावर हात ठेवूनच त्या म्हणाल्या, “ह्येच.” मग मात्र त्या रडल्या, आणि मीही.

“सोमवारी थप्पी लावताना हात घातला,” लतीफभाई सांगू लागले. “आत निर्गुडीचा पाला, बियान्याला कीड लागू ने म्हनून घालत्यात त्यो. भरडायच्या भातात निर्गुडी कोन घालतंय? दाना बघितला तर येकसारका, येकबी पोकळ न्हाई. म्हनलं, ह्ये चुकून आलंय. मालक येईल शोधत, तवर आपल्याकडं ऱ्हाऊ दे.”

“पण मग ‘झाले’ का लावलं?” मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच होता. “आम्ही दीड तास...”

“मंग काय लावू, बाई? तुमच्या कम्प्युटरात दोनच खाने. बाकी ठिवलं आसतं तर ह्ये यादीत आलं आसतं, आन् म्या नसताना कुनीबी वतलं आसतं हलरात. झालं म्हनलं की कुनी हात लावत न्हाई.”

हलर सुरू झाला. तीनला अजून वीस मिनिटं होती; पानशेतवाल्याचा नंबर पहिला लावला. भामाबाईंनी पोतं एकटीनं उचलायचा हट्ट धरला आणि शेवटी दोघांनी धरून फाट्यापर्यंत नेलं. मी मात्र मागच्या खोलीतच एका डब्यावर बसून राहिले. एक शंका आली होती.

“लतीफभाई, आणखी काय काय ‘झाले’ म्हणून टाकलंत?”

ते जरा संकोचले. मग एकेक निघायला लागलं. एक पोतं ओलं आलं होतं, ते उन्हात घातलंय, वाळल्यावर भरडायचं. एका घरात माणूस गेलाय, तेराव्यापर्यंत भरडू नका म्हणून निरोप आहे. दोन भावांची वाटणी चाललीय, दोघेही पोतं माझंच म्हणतात. ते मिटेपर्यंत थांबवलंय. एका बाळंतिणीसाठी बिनपॉलिशचा तांदूळ हवाय, तो जाळी बदलून शेवटी काढायचा. गोदामात अशी तेवीस पोती निघाली. सगळी माझ्या मशीनमध्ये भरडून झालेली.

लायब्ररी जुळत नव्हती ते मशीननं मला लगेच सांगितलं होतं. मी वाचलं नाही, हा माझा दोष. पण गिरणीशी माझा प्रोग्रामच जुळत नव्हता आणि दोन वर्षं त्यानं एकदाही तक्रार केली नव्हती. ती सगळी तफावत एका माणसानं एकट्यानं, या खोलीत, फळीवर उचलून ठेवली होती. आणि मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. म्हशींच्या डॉक्टरांचा किस्सा सांगत मी गावभर फिरत होते.

मी पर्समधून माझी वही काढली. “सांगा, किती खाने करू? ओलं, सुतक, वाटणी, बियाणं...”

“किती करशीला?” ते म्हणाले. “फुडल्या वर्सी आनिक काय तरी निगंल. येकच करा. लतीफला इचारा, आसा.”

मी हसले, पण केला. त्या दिवसापासून गिरणीच्या पडद्यावर तीन पर्याय आले: बाकी, झाले, लतीफभाईंना विचारा.

पुढे काही वर्षांनी लतीफभाईंचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. नवे मिस्त्री आले. चेअरमन म्हणाले, आता ती ओळ काढून टाका, बरं दिसत नाही. मी जाऊन काढली, कंपाइल केलं. पहिल्या झटक्यात झालं. पडद्यावर काहीच आलं नाही. आयुष्यात एकदाच मला वाटलं की मशीननं काही तरी विसंगत आहे म्हणून अडवावं.

पुढच्याच सुगीत जगतापांचा फोन आला.

“बाई, ती ओळ परत टाका.”

“का? नवे मिस्त्री आहेत ना?”

“आहेत. पण भामाबाई पोतं घेऊन थेट लतीफभाईंच्या घरी गेल्या. त्यांचं बघून आता सगळेच जातात. मिस्त्रीसुद्धा जातात. कुणाला घरी पाठवायचं ते मशीनला कळलं पाहिजे.”

मी त्याच दिवशी गेले. ओळ परत टाकली आणि तिच्यापुढे लतीफभाईंच्या घरचा फोन नंबर.